शिट्टीनंतरचा थांबा

३ जून

दादा,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं लिहून झालंय असं धरून चाल. फोन करणार होते, पण फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस आणि मग मी नको ते बोलून बसते. आपण शेवटचं धड बोललो ते आई गेली तेव्हा, आणि तेही घराच्या किल्ल्या कुणाकडे राहणार एवढ्यापुरतंच. म्हणून पत्र, तेही कुरिअरने.

काल कॅप्टन दुकानात आला होता. मी एका टॅक्सीच्या मागच्या सीटचं कव्हर उसवत होते. आत काय काय निघतं ते तुला माहीत आहे, लहानपणी बाबांच्या हाताखाली तूही उसवली आहेस. चघळून चिकटवलेल्या गोळ्या, केसांचे पुंजके, कापलेली नखं. ते सगळं पत्र्यावर झटकून वर बघितलं तर हा उभा, सेंट मारून, हातात पेस्ट्रीचा खोका.

"तोंड गोड कर, ताई. तुझा भाऊ येतोय."

आपल्या डोंगरातल्या शोधपथकाला पंचवीस वर्षं झाली म्हणून महिनाअखेर समारंभ आहे आणि संस्थापक म्हणून तू प्रमुख पाहुणा आहेस, हे मला असं कळलं. होकार तू त्याला कळवलास. बहिणीला कळवावंसं वाटलं नाही. "जुनं सगळं मी विसरलोय," असंही म्हणाला. जुनं म्हणजे ती थप्पड. शोध चालू असताना थांब्यात ह्याचा फोन वाजला, ह्याने तो उचलला, आणि तू सगळ्यांदेखत ह्याच्या कानाखाली काढलीस. लोक त्याच्या बाजूने बोलले, तर तू पथक, गाव, देश सगळंच सोडून परक्या मुलखात लिफ्ट दुरुस्त करायला निघून गेलास. "विसरलोय" म्हणताना त्याचा हात आपोआप गालाकडे गेला.

येऊ नकोस, दादा.

पथकाची खोली आता तुला ओळखू येणार नाही. अग्निशमन केंद्राच्या मागची तीच खोली, ओल्या हातमोज्यांचा तोच वास, पण दोर आता कोपऱ्यात ढीग करून पडलेले असतात, कारण जिथे ते टांगायचो त्या भिंतीवर कॅप्टनचा फोटो असलेला फलक आहे. फोटो त्याच्याच स्टुडिओत काढलेला. लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेव जसा दूर बघतो तसा तो डोंगराकडे बघतोय. खाली लिहिलंय, "आमचा थांबा, आमची शान." थांबा म्हणजे काय, हे तिथे कुठेही लिहिलेलं नाही. शिट्टी, हाक, आणि मग सगळ्यांनी जागच्या जागी. वायरलेस बंद, पाय हलवायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, फक्त हाकेला उत्तर येतंय का ते ऐकायचं. नियम तू बसवलास, शान त्याची झाली.

आम्हाला आता प्रायोजकही आहेत. एक गाद्या बनवणारी कंपनी. त्यांनी सगळ्यांना टी-शर्ट दिले आहेत आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलंय, "निवांत पडा." आम्ही कड्यावर ते घालून फिरतो. दाताची डॉक्टर म्हणाली, मी नाही घालणार, तर कॅप्टन म्हणाला, मग ड्रोनचे पैसे तू देतेस का. ड्रोनही त्यांनीच दिलाय.

समारंभात एक फिल्म दाखवणार आहेत. मार्चमध्ये चष्म्याच्या दुकानवाल्या काकांचा शोध केला, त्याच्यावर. शोध यशस्वी, असं म्हणे त्यात येतं. माणूस मेलेला सापडला, पण सापडला.

कारण विचारू नकोस. तिकीट काढलं असशील तर रद्द कर.

पोरगा बरा आहे. कामावर जातो. जेवण कमी झालंय त्याचं, पण ह्या वयात होतं.

— तुझी बहीण


१२ जून

दादा,

इतक्या वर्षांनी पत्राचं उत्तर आलं आणि त्यात एकच ओळ: "कारण सांग, मग ठरवतो." शाळेच्या हेडमास्तरांना शोभली असती.

ऐक तर मग.

चष्मेवाले काका तुला आठवत असतील. बाजाराच्या टोकाला दुकान, आईचा चष्मा त्यांनीच बनवला होता. रविवारी एकटेच डोंगरावर जायचे, वाटा पाठ होत्या. त्या रविवारी दुपारी धुकं उतरलं आणि ते परत आले नाहीत. संध्याकाळी त्यांच्या मुलीने कळवलं. आम्ही सोमवारी उजाडता निघालो.

मुलगी पायथ्याशी रस्त्यावर थांबली होती. बापासाठी थर्मासमध्ये चहा आणि कोरडे मोजे घेऊन. कॅप्टनने तिच्याकडून काकांचं नाव, वय, कपड्यांचा रंग हे सगळं कॅमेऱ्यासमोर विचारलं. एकदा ती बोलताना मध्ये गाडी गेली, तर म्हणाला, "परत सांगता का, जरा इकडे बघून?" तिने परत सांगितलं. मी तिथेच हार्नेसचा पट्टा आवळत होते. ऐकलं, आणि पट्टाच आवळत राहिले.

वर जाताना ठिकठिकाणी थांबे घेतले. शेवटचा थांबा खिंडीत. तिथून खालची घळ तुला माहीत आहे, तोंडाशी अरुंद आणि आत खोल. धुकं इतकं की ड्रोनला खालचं काही दिसणं शक्यच नव्हतं. पण धुक्यात आमची रांग मात्र सुरेख दिसत होती म्हणे. लाल हेल्मेटं, एकामागे एक, माना खाली. कॅप्टनने शिट्टी मारली, हाक मारली, "थांबा" म्हणाला, आणि स्टुडिओतला जो पोरगा ड्रोन उडवत होता त्याला हाताने खूण केली. खाली घे. अजून खाली.

दादा, ते यंत्र डोक्यावर आलं की कसं वाटतं सांगू? सडक्या फळावर घोंगावणाऱ्या माशा असतात ना, तशा, पण कवटीच्या आत. आम्ही सगळे त्याच्याखाली पुतळ्यासारखे उभे. हाकेला उत्तर येतंय का ते ऐकत. एकानेही पाय हलवला नाही. एकानेही वायरलेस चालू केला नाही. इतका स्वच्छ थांबा तुझ्या काळातही कधी झाला नसेल.

आणि कुणीही म्हणालं नाही की ते बंद करा. कारण थांब्यात बोलायचं नाही.

मला सुचलं होतं. पथकातल्या बेकरीवाल्याला सुचलं होतं, तो नंतर म्हणाला. दाताच्या डॉक्टरला सुचलं होतं. सगळ्यांनी ते जिभेवर धरलं आणि थांबा संपायची वाट बघितली. थांबा संपल्यावर कॅप्टन म्हणाला, "वा. अजून एकदा, असंच." मग आम्ही अजून एकदा तसंच उभे राहिलो. मग "इथे काही नाही" म्हणून पलीकडच्या बाजूला उतरलो.

काका मंगळवारी सापडले. त्याच खिंडीखाली. धुकं नव्हतं, आणि वर उभ्या असलेल्या बेकरीवाल्याच्या हातातून हातमोजा निसटला, कुठे पडला म्हणून तो वाकला तर हातमोजा काकांच्या शेजारी पडलेला. एवढं अंतर.

मी दोरावरून खाली गेले. स्ट्रेचरचे पट्टे मीच शिवते, त्यामुळे बांधायलाही मीच. मोडलेल्या पायाला त्यांनी स्वतःच्या हाताने छत्रीची काडी लावून शर्ट गुंडाळला होता, नीट. म्हणजे पडल्यावर त्यांना वेळ मिळाला होता. उजव्या हातात दगड होता आणि मांडीवर पाण्याची स्टीलची बाटली. बाटलीचं बूड दगडाने ठोकून ठोकून आत गेलेलं. एका बाजूला पत्रा फाटला होता.

वर आणल्यावर कॅप्टनने बाटली बघितली. वाटलं, काहीतरी बोलेल. बोलला. "ही सामानात देऊ नकोस. घरच्यांना उगाच त्रास." मग खाली रस्त्यावर गेलो, आम्ही चौघं स्ट्रेचर धरून, पाठीवर "निवांत पडा," आणि त्याने त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "पडले तेव्हाच गेले. काही कळलंसुद्धा नसेल त्यांना."

इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, मंगळवारच्या पहाटेपर्यंत जिवंत असावेत.

बाटली माझ्याकडे आहे. रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागे ठेवलीय.

आता कारण कळलं. येऊ नकोस.

— बहीण


१९ जून

दादा,

तुझं पत्र मिळालं. या वेळी दोन पानं. वाचताना तू खुर्चीतून उठून बोलतोयस असं वाटलं. "माणूस मारलाय त्यांनी. कॅप्टनला आणि त्या ड्रोनवाल्या पोराला दोघांनाही उभं करा. पोलिसांत जा. तुम्हाला लाज वाटत नसेल तर मी येऊन पोलिसांत जातो." शेवटी हेही लिहिलंयस की "मी गेल्यावर पथकाचा कणा मोडला."

वाचून मी पत्राची घडी घातली आणि शिलाई मशीनच्या खणात टाकली. मग परत काढलं. मग परत टाकलं.

तो ड्रोनवाला पोरगा म्हणजे तुझा भाचा आहे.

कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलाय असं मी तुला आईच्या वेळी सांगितलं होतं. ती कंपनी सहा महिन्यांत बंद पडली. तेव्हापासून तो कॅप्टनच्या स्टुडिओत आहे. लग्नं, वाढदिवस, शाळांचे कार्यक्रम, आणि पथकाबरोबर ड्रोन. ती फिल्मही तोच जोडतोय. तुला लिहिलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला ठाऊक होतं, आणि तू ते म्हणालास, फक्त नाव न कळता.

परवा काकांची मुलगी दुकानात आली. स्टुलावर बसली, मी शिवत होते त्या सीटकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "हे कापड धुतलं तर डाग जातात?"

"ह्याचे जात नाहीत. बदलावंच लागतं."

"तुम्ही बाबांना बांधलंत ना? स्ट्रेचरवर."

"हो."

"मावशी, रिपोर्टात मंगळवार लिहिलंय. कॅप्टन म्हणतात पडले तेव्हाच गेले. रविवारी पडले. मग सोमवारी काय करत होते ते?"

मशीनच्या पायडलवरून माझा पाय निघेना. ती फार शांतपणे विचारत होती, चष्म्याचा नंबर विचारावा तशी.

"तुम्ही सोमवारी खिंडीत गेला होतात. त्यांनी हाक मारली असेल का?"

मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, "वर वारा फार असतो गं." वारा. धुकं होतं त्या दिवशी. धुकं असताना वारा असतो का? तिच्या वडिलांनी तिला डोंगर शिकवलाय, तिला एवढं कळतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणून उठली. जाताना स्टूल होता तिथे परत सरकवून ठेवला. त्या स्टुलावर मी दिवसभर बसू शकले नाही.

ती गेली आणि कॅप्टन आला. बाजारातून कुणीतरी त्याला सांगितलं असणार. या वेळी पेस्ट्री नव्हती.

"काय म्हणत होती?"

"डाग जातात का विचारत होती."

"ताई, मी काही वाईट माणूस नाही." हे वाक्य म्हणणारी माणसं मला आधीच नकोशी होतात. "त्या पोरीला खरं कळून काय मिळणार? बाप परत येणार आहे का? आणि चौकशी लागली तर पहिला प्रश्न काय विचारतील? ड्रोन कोणाच्या हातात होता. माझ्या हातात शिट्टी होती, ताई. रिमोट तुझ्या पोराच्या हातात होता."

"खूण तू केलीस."

"खूण फिल्ममध्ये दिसत नाही." हसला तो. दातात बडीशेप अडकली होती, ती जिभेने काढत होता बोलताना. तेवढंच मला राहून राहून आठवतंय. "पोराला मी मुलासारखं ठेवलंय. समारंभ होऊ दे. पगार वाढवतो."

तो गेल्यावर मी हात धुतले. त्याचा हात हातात घेतला नव्हता, तरी धुतले.

आता तू सांग. कोणाला उभं करू?

— तुझी बहीण


२७ जून

तुझं उत्तर आलं. मागच्या पत्रात दोन पानं होती, या पत्रात परत एकच ओळ. "मग गप्प बस. मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

छान. परका पोरगा होता तेव्हा माणूस मारला होता. भाचा झाल्यावर आयुष्याचा प्रश्न झाला. थांब्यात फोन उचलला म्हणून तू थप्पड मारलीस, तेव्हा मला वाटलं होतं माझ्या भावाला काहीतरी ऐकू येतं जे बाकीच्यांना येत नाही. तुला लिफ्टच ठीक. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली.

आणि तूसुद्धा तेच करत होतीस, असं तू म्हणशील. हो. तीन महिने करत होते. बाटलीवर रेक्झिन टाकून.

तुझं पत्र मी पोराला वाचायला दिलं. तो जेवत होता, म्हणजे ताटातलं इकडून तिकडे करत होता. वाचून म्हणाला, "मामा अक्षर सुंदर काढतो."

"तुला काय वाटतं ते सांग."

"आई, मी तो शॉट रोज बघतो. फिल्म जोडायची म्हणून. तुम्ही सगळे उभे आहात, किती शांत वाटतं. त्याच्याखाली बासरी टाकायला सांगितलीय कॅप्टननी." त्याने ताट सरकवलं. "ड्रोनला आवाज रेकॉर्ड होत नाही. म्हणून बघणाऱ्याला शांत वाटतं. मला रिमोटवर पण शांतच वाटलं होतं, मी मागे लांब उभा होतो. तू खाली आहेस हे दिसत होतं. तुला काही ऐकू येत नसेल हे डोक्यातच आलं नाही."

मग तो म्हणाला, "तू का नाही ओरडलीस?"

मी म्हणाले, थांब्यात बोलत नाहीत.

तो हसला नाही. रागावलाही नाही. रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागून बाटली त्यानेच काढली. कुठे आहे हे त्याला माहीत होतं. म्हणजे घरात आम्ही दोघं एकमेकांपासून एकच वस्तू लपवत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकान आता काकांची मुलगीच चालवते. काचेच्या कपाटात नुसत्या फ्रेमा, मागच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी आणि खाली बारीक होत जाणारी. एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत आम्ही बाकावर बसलो, डोळे तपासायला आल्यासारखे.

बाटली मी काउंटरवर ठेवली. तिने ओळखली. उलटी करून बूड बघितलं, फाटलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं. बोटाला लागलं तिच्या.

पोराने सगळं सांगितलं. "ड्रोन मी उडवत होतो," इथून सुरुवात केली. कॅप्टनची खूण त्याने शेवटी सांगितली. आधी सांगितली असती तर मला बरं वाटलं असतं, पण त्याने शेवटी सांगितली.

तिने त्याला एकच विचारलं. "दोनदा?"

"दोनदा."

मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही त्या ड्रोनखाली होता. काही ऐकू येत नव्हतं."

"नाही."

"हे कळत होतं तुम्हाला? ऐकू येत नाहीये हे?"

"हो."

"कुणी म्हणालं नाही बंद करा?"

दादा, मी तिला नियम सांगितला. आपला नियम, शिट्टी, हाक, थांबा, शब्द काढायचा नाही. तिच्या बापाच्या दुकानात, त्या तक्त्यासमोर उभी राहून सांगितला. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की आपण काय बोलतोय.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"मग तुम्ही उभ्या कशाला होता?"

उत्तर सुचलं तर तू मला कळव.


१५ जुलै

दादा,

तू आला नाहीस. मी सांगितलं होतं म्हणून नव्हे, हे मला कळतं. पण तू रेकॉर्ड करून संदेश पाठवलास. माझी पत्रं वाचून झाल्यावर पाठवलास.

समारंभ झाला, ते आधी सांगते. फिल्म झाली नाही. पोराने ती जोडलीच नाही. नोकरी सोडली आणि तक्रारीत स्वतःच्या हाताने जबाब लिहून दिला. काकांच्या मुलीने तक्रार त्याच आठवड्यात केली. तिने आमची गय केली नाही, आणि ते ठीकच आहे. चौकशी चालू आहे, पोरालाही बोलावतात, मलाही. पुढे काय होईल माहीत नाही. पण रात्री ताटातलं संपवतो तो आता.

फिल्म नाही म्हणून कॅप्टनने तुझा संदेश दोनदा लावला. मी मागे दाराशी उभी होते. पडद्यावर तू, मागे झाडाची कुंडी, केस रंगवलेले. "थांबा ही आमच्या पथकाने जगाला दिलेली देणगी आहे," असं म्हणालास. जगाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत गाद्यांच्या कंपनीचे साहेब होते, त्यांच्या ताटलीत अर्धवट खाल्लेला केक आणि त्यात विझवलेली सिगारेट. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून त्या ताटलीकडे बघत राहिले. दोन्हींत मला ताटली जरा बरी वाटली.

कॅप्टनला सन्मानचिन्ह मिळालं. अजून तो बाहेरच आहे, स्टुडिओही चालू आहे. भेटला की "ताई" म्हणतो.

पथक फुटलं. त्याच्याकडे टी-शर्ट, ड्रोन आणि बरीचशी माणसं. आमच्याकडे बेकरीवाला, दाताची डॉक्टर, मी आणि जुने दोर. दोर सगळे ताणून तपासले, दोन फेकले. खोली त्यांच्याकडे राहिली, म्हणून सामान माझ्या दुकानात आहे. नियमात एक बदल केलाय, तुला विचारलेलं नाही. ऐकू येत नसेल तर ज्याला ऐकू येत नाही त्याने ओरडायचं. थांबा मोडला तरी चालेल. बेकरीवाला म्हणाला, "हे लिहून ठेवायचं का?" डॉक्टर म्हणाली, "लिहून कशाला, एवढं तर गाढवालाही कळतं."

काल पहिला बोलावा आला. एक जोडपं, संध्याकाळी वरच्या तळ्याकडे गेलेलं, सकाळपर्यंत परत नाही. येऊ नकोस म्हटलं तरी माझा पोरगाही आला, रिकाम्या हाताने. पावसाची भुरभुर होती. तळ्याच्या वर खिंडीसारखीच जागा आहे, तिथे मी शिट्टी मारली. हाक मारली. थांबलो.

काहीच नाही. हेल्मेटवर पावसाचे थेंब, बेकरीवाल्याच्या छातीतली घरघर, खाली कुठेतरी पाणी. पोरगा डोळे मिटून उभा होता. मी मात्र उघडे ठेवले. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते, कोण काय गिळतंय ते. कुणी काही गिळत नव्हतं.

परत हाक मारली, परत थांबलो. पुढे सरकलो. दुपारपर्यंत असंच.

ती दोघं हॉटेलात सापडली. पहाटेच खाली उतरली होती, कळवायचं राहिलं म्हणे. आम्ही चिखलाने माखलेले दारात उभे, आणि ती दोघं आमलेट खात होती. नवरा म्हणाला, "अरे, तुम्ही आमच्यासाठी वर गेलात? फोटो काढूया का एक?" डॉक्टर त्याला जे म्हणाली ते मी पत्रात लिहीत नाही.

उतरताना पोराने विचारलं, "आई, फुकट गेला ना दिवस?"

मी नाही म्हणाले. आज ऐकायला खरंच काही नव्हतं, म्हणून ऐकू आलं नाही. मला सध्या एवढं पुरे आहे.

तुझं उत्तर येईल तेव्हा येईल. उघडेनच असं नाही. घराच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, त्या माझ्याकडेच राहतील.